हेक्टर, गुंठा आणि गोणी : हिशेबाचा साधा फॉर्म घरच्या घरी
(शेतकी विभागाकडून)



गेल्या गळीत हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे कशासाठी लिहिले आहे ते ध्यानात येईल.

आपल्या एका सभासद बंधूंनी नोंदीच्या वेळी सांगितले, "साहेब, दीड हेक्टर लागण आहे." मी डायरीत १.५ लिहिले. पुढे ती डायरी पाहून नोंद चढवताना तोच आकडा १ हेक्टर ५ आर असा वाचला गेला. सातबारावर हेक्टरच्या पुढचा आकडा आर म्हणून वाचायची सवय आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना असते, मलाही आहे. हेक्टरी ८० टनांचा अंदाज धरला तर दीड हेक्टराचे १२० टन व्हायचे, तिथे कागदावर ८४ टन लागले. तोड आली, टोळीने ८४ टनांच्या हिशेबाने गाड्या भरल्या, मुकादम म्हणाला नोंद संपली आणि टोळी पुढच्या फडाला गेली. छत्तीस टन ऊस रानात उभा. तोड जवळ आली म्हणून पाणी आधीच तोडलेले. तो ऊस न्यायला दुसरी टोळी मिळेपर्यंत अठरा दिवस गेले, आणि वजनात जी घट आली ती त्या बंधूंच्या खिशातून गेली. मी बांधावर गेलो तेव्हा ते रागावले नाहीत, उलट मला चहा दिला. रागावले असते तर बरे वाटले असते.

नोंदवहीत एका टिंबाचा घोळ, आणि छत्तीस टनांचा फटका!

तेव्हा ठरवले की हा हिशेब डोक्यातून आणि डायरीतून काढून एका जागी पक्का बसवायचा. माझे बिऱ्हाड नाशकात द्वारकेजवळ आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतो तो चौक आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीत बसून तास तास पाहिलेला आहे, त्याचे वर्णन करायला नको. माझी थोरली मुलगी संगणकाचे शिक्षण घेते. तिला शेजारी बसवून रविवारच्या तीन दुपारी एक छोटा फॉर्म तयार केला. मी शेतकी डिप्लोमावाला माणूस, संगणकाचा माझा संबंध वजनाच्या पावतीपुरता. मला जमले म्हणजे सभासदांच्या घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना नक्की जमेल. म्हणून कसे केले ते सविस्तर लिहितो. यात जेवढ्या ठिकाणी मी ठेचकाळलो, त्या जागा मुद्दाम जास्त सांगणार आहे.

प्रथम मापे. आपल्याकडे एकाच रानाला तीन भाषा चालतात. सातबारा हेक्टर-आर बोलतो, बांधावरचा शेतकरी एकर-गुंठे बोलतो, आणि वाटणीचा प्रश्न आला की आणे निघतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हा ३३ फुटांचा आकडा मोजणीच्या साखळीतून आला. इंग्लंडात एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने सतराव्या शतकात ६६ फुटांची साखळी चालू केली, तिची निम्मी म्हणजे आपली ३३ फुटी. गुंठ्याचे सोळा आणे. दशमान मापांचा कायदा आपल्या देशात १९५६ साली झाला, पण बांधावरचा गुंठा काही हलला नाही, आणि हलणारही नाही असे माझे मत आहे.

आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आरांचा हेक्टर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. या 'जवळजवळ'मुळेच घोटाळा होतो. हेक्टर म्हणजे अडीच एकर असे आपण सर्रास म्हणतो. खरा हिशेब २ एकर १८ गुंठे साडेतेरा आणे असा आहे. खताच्या गणिताला हा सव्वा गुंठ्याचा फरक चालतो, पण खरेदीखताला आणि भावाभावांच्या वाटणीला चालत नाही.

आता बोलण्यातली दुसरी खोड बघा. "माझं दोन वीस आहे" असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. हेच संगणकात २.२० असे टाकले की तो समजतो दोन एकर आणि एकराचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे गायब! संगणकाची यात चूक नाही. टिंबाच्या पुढे काय आहे ते त्याला आपण सांगितलेच नव्हते.

म्हणून फॉर्मचा पहिला नियम असा ठरला की टिंबाला जागाच द्यायची नाही. हेक्टरला वेगळा रकाना, आरला वेगळा रकाना. एकर वेगळा, गुंठे वेगळे, आणे वेगळे. सातबारावर १.०५.०० असे असेल तर पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात ५. कोणी सवयीने हेक्टरच्या रकान्यात १.५ टाकलेच, तर फॉर्म उत्तर देत नाही, विचारतो : "१ हेक्टर ५० आर, की १ हेक्टर ५ आर?" हा एक प्रश्न मला वर्षभरापूर्वी कोणी विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

प्रत्यक्ष करायचे कसे? संगणकावर साध्या मजकुराची एक फाईल उघडायची, तिचे नाव शेवटी टिंब देऊन एचटीएमएल असे ठेवायचे. तेवढ्याने ती फाईल ब्राउझरमध्ये पान म्हणून उघडते. यासाठी इंटरनेट लागत नाही. फाईल मोबाईलवर पाठवली तरी बहुतेक फोनवर ती तशीच उघडते. शेतात रेंज नसते, तेव्हा हा मुद्दा मोठा आहे. फाईलमध्ये दोन भाग. वरचा भाग दिसणारा : रकान्यांची नावे, रकाने, एक बटन, आणि उत्तर दाखवायची मोकळी जागा. रकान्याला इनपुट म्हणतात, त्याच्या नावाला लेबल. दहा पर्यायांतून एक निवडायचा असेल, जसे सुरू, पूर्वहंगामी, आडसाली, खोडवा, तर त्यासाठी सिलेक्ट नावाची यादी असते. खालचा भाग न दिसणारा, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तो जावास्क्रिप्ट भाषेत लिहायचा. बटन दाबले की रकान्यातले आकडे उचल, हिशेब कर, उत्तर मोकळ्या जागेत लिही, एवढेच त्याचे काम.

दिसणारा भाग मुलीने अर्ध्या तासात केला. बाकीचे सगळे दिवस खालच्या भागात गेले.

पहिली ठेच अशी. हेक्टरचे आर करून त्यात आर मिळवायचे म्हणून मी बेरजेचे चिन्ह घातले. १०० आणि २० यांची बेरीज १००२० आली. मला वाटले यंत्र बिघडले. मुलगी हसली. रकान्यात लिहिलेला आकडा संगणकाला आकडा म्हणून मिळत नाही, तो अक्षरे म्हणून मिळतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणे. म्हणून रकान्यातून उचललेली प्रत्येक गोष्ट आधी 'नंबर' या क्रियेतून काढायची, मग बेरीज करायची. गुणाकार-भागाकाराला संगणक आपण होऊन आकडा करून घेतो, बेरजेला घेत नाही. त्यामुळे गुणाकार बरोबर येतो आणि बेरीज फसते, आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसरी ठेच आपल्या मराठी माणसांचीच. आपण आकडे २५, ४० असे देवनागरीत लिहितो. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडाच वाटत नाही. इनपुटला 'नंबर' हा प्रकार दिला तर काही ब्राउझर तो आकडा उमटूच देत नाहीत, आणि काही उमटू देतात पण स्क्रिप्टला रकाना रिकामा म्हणून देतात. आणि रिकामा रकाना 'नंबर'मधून काढला की शून्य होतो. म्हणजे सभासदाने डोळ्यासमोर पाच आर लिहिलेले, आणि हिशेबात शून्य धरलेले, तेही काही न बोलता! बोलून चुकणारे यंत्र एक वेळ परवडले. यावर उपाय असा केला : इनपुट साध्या मजकुराचे ठेवले, फक्त मोबाईलवर आकड्यांची पाटी वर यावी एवढी सूचना त्याला दिली. मग स्क्रिप्टमध्ये आधी प्रत्येक देवनागरी अंक त्याच्या इंग्रजी अंकात बदलून घेतला. शून्य ते नऊ असे दहाच अंक, दहा ओळींचे काम. आणि सगळेच रकाने रिकामे असतील तर 'आधी क्षेत्र भरा' असे सांगायचे, शून्य दाखवायचे नाही.

आता मापांची अदलाबदल. हेक्टरचे एकर, एकराचे आर, गुंठ्याचे चौरस फूट अशी प्रत्येक जोडीची वेगळी पट लिहायला बसलो तर पाच मापांना वीस आकडे लागतात, आणि वीसपैकी एखादा चुकला तर सापडणे कठीण. मुलीने सांगितले, बाबा, मध्ये एक खुंटा ठोका. तो खुंटा म्हणजे चौरस मीटर. कुठलेही माप आले की आधी त्याचे चौरस मीटर करायचे, आणि तिथून जे माप हवे त्यात उतरायचे. मग पाच मापांना पाचच आकडे : हेक्टर १०,०००, आर १००, एकर ४०४६.८५६४, गुंठा १०१.१७१४ आणि आणा ६.३२३२. बाजारात आपण वेगळे काय करतो? सोयाबीन देऊन गूळ घेत नाही, आधी रुपये करतो.

यात एक बारीक जागा राहिली होती. ४० आर ४६ चौरस मीटर असे क्षेत्र टाकले तर उत्तर आले : ० एकर ४० गुंठे. चाळीस गुंठे म्हणजे एकरच की! झाले असे की खरे उत्तर ३९.९९ गुंठे होते, एकर पुरा भरत नव्हता म्हणून शून्य लिहिला, आणि गुंठे मात्र जवळच्या पूर्ण आकड्याला नेल्यावर चाळीस झाले. आधी फोडायचे आणि मग पूर्णांक करायचा, हा क्रमच उलटा. आता सगळ्या क्षेत्राचे आधी आणे करतो, ते जवळच्या पूर्ण आण्याला नेतो, आणि मग ६४० ने भागून एकर, उरलेल्यांना १६ ने भागून गुंठे, शेवटी उरले ते आणे. त्या बंधूंचे १ हेक्टर ५० आर टाकून पाहिले : ३ एकर २८ गुंठे ४ आणे. आणि मी नोंदवलेले १ हेक्टर ५ आर : २ एकर २३ गुंठे १३ आणे. सव्वा एकराला थोडे कमी एवढे रान मी एका टिंबात खाल्ले होते.

अशी चूक आपल्यासारख्या खेडवळ माणसांकडूनच होते असे कोणी समजू नये. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन आकाशात संपले. ते विमान किलोचे माप वापरणाऱ्या नव्या विमानांपैकी होते. लिटरचे किलो करताना गुणायचा आकडा ०.८ च्या आसपासचा, पण जुन्या सवयीने पौंडाचा १.७७ घेतला गेला. इंधन निम्म्याहून कमी भरले आणि कागदावर मात्र ते पुरे दिसले. वैमानिकाने बंद इंजिनांनिशी विमान गिमली या जुन्या धावपट्टीवर उतरवले, सगळे वाचले. १९९९ साली अमेरिकेचे मंगळावर पाठवलेले यानही पौंड आणि मेट्रिक मापाच्या घोळातच गेले. तिथे तर मोठमोठे शास्त्रज्ञ होते.

फॉर्मचा दुसरा भाग खताचा. सभासद मला विचारतात ते किलोत नाही, "साहेब, एकरी किती गोण्या?" असे विचारतात. शिफारस असते हेक्टरी किलोची, तीही अन्नद्रव्याची. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. पूर्वहंगामीला ३४०, १७०, १७०. आडसालीला ४००, १७०, १७०. म्हणजे यात तीन रूपांतरे एकावर एक आली : अन्नद्रव्याचे खत, हेक्टरचा एकर आणि किलोच्या गोण्या. युरियात ४६ टक्के नत्र. सुरूला २५० भागिले ०.४६ म्हणजे हेक्टरी ५४३ किलो युरिया, एकरी २२० किलो. आता गोण्या किती? माझ्या तोंडात साडेचार बसले होते, कारण मी गोणी पन्नास किलोची धरत होतो. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची आहे. पन्नासच्या हिशेबाने ४.४ गोण्या आणल्या तर एकरी २२ किलो युरिया कमी पडतो, दहा किलो नत्र. खरा आकडा ४.९, म्हणजे पाच गोण्या. गोणीचे वजन फॉर्ममध्ये रकाना म्हणून ठेवले आहे, स्क्रिप्टच्या पोटात नाही. गोणीवर छापलेले वजन वाचा आणि टाका.

स्फुरद डीएपीतून देणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. हेक्टरी ११५ किलो स्फुरदाला २५० किलो डीएपी लागते, पण त्याबरोबर ४५ किलो नत्रही जाते. तेवढे युरियातून वजा करायचे. फॉर्म ते आपोआप करतो. माती तपासून घेतली असेल तर शिफारशीच्या जागी अहवालातले आकडे टाकावेत, आणि माझा सल्ला असा की अहवाल असल्याशिवाय हा भाग उघडूच नये. पाण्याच्या मापांचा तिसरा भाग छोटा आहे : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, आणि एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख तीन हजार लिटर, एवढेच त्यात आहे.

चौथा भाग भावाचा. तो करावा की नाही यावर माझे मन दोन आठवडे होत नव्हते, कारण भावाचा आकडा दिसला की माणसे वजावटी विसरतात. पण इथेच संगणकाची एक खोड सापडली, ती सांगितलीच पाहिजे. २०२५-२६ हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा उतारा १०.३५ टक्के आहे. १०.३५ मधून १०.२५ गेले, ०.१ राहिले, एक पायरी वर. मी स्क्रिप्टला सांगितले, पूर्ण पायऱ्या मोज. उत्तर आले शून्य. तीनदा तपासले, शून्यच. कारण असे की संगणक आकडे दोनाच्या पटीत साठवतो, आणि त्यात १०.३५ नेमका मावत नाही. आत तो १०.३५ ला केसभर कमी असा राहतो. वजाबाकी केली की ०.०९९९९ असे काही उरते, आणि पूर्ण पायऱ्या मोजायला सांगितले तर तो म्हणतो एकही पुरी झाली नाही. केसाएवढी चूक, पण टनाला ३४ रुपये ६० पैसे. १२० टनांना ४,१५२ रुपये.

उपाय सोपा आहे. टक्क्यांना आधी १०० ने गुणून पूर्णांक करून घ्यायचे : १०३५ आणि १०२५. त्यांची वजाबाकी १०, भागिले १०, पायरी १. पैशाचा हिशेबही रुपयांत न करता पैशांत करायचा, शेवटी दाखवताना रुपये. जुने दिवाणजी आण्या-पैशांत हिशेब करून शेवटी रुपये मांडत, तेच झाले. दर आणि हंगामाचे वर्ष फॉर्मच्या अगदी वर मोठ्या अक्षरात ठेवले आहे, कारण पुढच्या हंगामाला दर बदलेल आणि जुना फॉर्म कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहील. या भागात येणारी रक्कम तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधीची आहे, आणि ती फक्त समजुतीसाठी आहे. बिलाचा हिशेब हिशेब खात्याचाच.

फॉर्म झाल्यावर लगेच वाटला नाही. ज्यांची उत्तरे कागदावर आधीच काढलेली होती अशी बारा क्षेत्रे टाकून पाहिली. त्यात मुद्दाम अडचणीची घातली : नुसते ५ आर, बरोबर एक एकर, रिकामा रकाना, देवनागरी अंक, आणि स्वल्पविराम घातलेले १,२००. या शेवटच्याने पुन्हा घात केला. आकडा ओळखायची एक दुसरी क्रिया मी एका ठिकाणी वापरली होती, ती स्वल्पविरामाशी थांबते आणि बाराशेचा एक करते. आता स्वल्पविराम आधी काढून टाकतो. ज्यांची मुले असा फॉर्म स्वतः करतील त्यांनी ही पाच उदाहरणे घालून पाहिल्याशिवाय तो शेजाऱ्याला देऊ नये.

आपल्या सर्व गट ऑफिसमध्ये हा फॉर्म या महिन्यापासून ठेवला आहे, आणि शेतकी कर्मचारी बंधूंकडून आपल्या मोबाईलवरही मिळेल. चालू लागणीच्या नोंदी याच फॉर्मवर घेतल्या जातील. नोंदीला येताना सातबाराचा ताजा उतारा आणावा. क्षेत्र तोंडी सांगताना "दीड" किंवा "दोन वीस" असे न सांगता हेक्टर किती, आर किती असे वेगवेगळे सांगावे, आणि पावतीवर फॉर्मने दोन्ही मापांत छापलेले क्षेत्र आपल्या रानाशी जुळते का ते सही करण्याआधी तिथेच वाचून पाहावे. जुळत नसेल तर सही करू नये, मला बोलवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी